सकाळी रुसणारी नाव

उमेंद्र : म्हणून म्हणतो ताई, मोटर बिघडली नाही. बटण दाबलं की घुरघुर करते. पण नावेचा मागचा पाय जिथल्या तिथं. अन् दुपारी ऊन तापलं की हीच नाव एकदम शहाणी. माय, माहं जॅकेट कुठं ठेवलं? बॅगेत होतं ना?

जमुनाबाई : असन कुठंतरी. थंडीचं मंग पाहू. पयले ह्या पोरीले नीट सांग, कोहमाऱ्याहून गाडी हाकत आली आहे ते. चा तरी घे वं बाई.

रचना : घेते मावशी. पण आधीच सांगून ठेवते, मी टिप्परचे जॅक दुरुस्त करते. हायवेवर ढाब्यांच्या मागं आमचं गॅरेज आहे, दिवसभर तेच काम. नावेला आजपर्यंत हात लावला नाही. तुम्ही ज्याला पाय म्हणता ते नेमकं काय, मला पहिल्यापासून सांगा.

उमेंद्र : हे पाहा. इंजिन नावेच्या पोटात आहे. पंखा बाहेर, मागच्या ह्या पायाच्या टोकाले. पायाच्या दोन बाजूले हे दोन जॅक. नावेत एक छोटा पंप आहे, तो तेल ढकलतो अन् जॅक पायाले वर-खाली करतात. नाव पळत असताना पाय थोडासाच हलवायचा, त्याले ट्रिम म्हणतात. पाय आत घेतला की नाक खाली, बाहेर टाकला की नाक वर. फार बाहेर टाकला तर नाव बेडकासारखी उड्या मारते. गोव्याले नवीन पोरं तेच करायचे, पर्यटकांचे दात वाजायचे.

जमुनाबाई : नांगरासारखं होय. जरासं इकडं-तिकडं केलं का फार खोल, नाहीतर वरवर.

उमेंद्र : बस, तेच. अन् टिल्ट म्हणजे पाय पूर्ण वर उचलायचा. इथं काठाले गुडघाभर पाणी आहे, पाय खाली राहिला तर पंखा चिखलात जाते. म्हणून संध्याकाळी मी वर उचलून ठेवतो. सकाळी खाली घ्यायले गेलो की रुसलेली.

रचना : वर असतानाच चालवली तर?

उमेंद्र : पंखा हवेत राहिला तर कोणाले ढकलन? अन् पाय इतका वाकडा ठेवून इंजिन जोरात फिरवलं तर आतले सांधे तुटतात. ते काम मग तुमच्याच्यानं नाही होत अन् माह्याच्यानंही नाही.

रचना : मग दुपारीच चालवा. ऊन पडल्यावर चालते म्हणता ना?

जमुनाबाई : दुपारी कोन येते, बाई? लोक पाखरं पाहाले येतात. पाखरं सकारीच पान्यावर असतात, ऊन चढलं का कुठं जातात त्यांचं त्यांनाच ठाऊक. सकारी न चालनारी नाव म्हनजे लग्नानंतर आलेला वाजंत्री. तो शालीकराम तर म्हनाला, हे नाव आहे का जावई, ऊन अंगावर आल्याबिगर उठतच नाही.

रचना : शालीकराम कोण?

उमेंद्र : आमच्या मच्छीमार संस्थेतला सगळ्यात जुना माणूस. नाव संस्थेची आहे, ताई. मी गोव्याले बोटीवर होतो. तिथला मालक जुनी बोट विकून राहिला होता. मी फोन करून लीलाधरकाकाले, म्हणजे आमच्या अध्यक्षाले, म्हटलं, घ्या, मी घरी येतो, मीच चालवतो. सगळे हो म्हणाले. एकटे शालीकरामकाका नाही म्हणाले. दिवाळीपर्यंत नाव मस्त चालली. थंडी पडली अन् हिचं हे सुरू झालं. दोनदा संस्थेचे लोक सकाळी आले, दोन्ही बार पाय हलला नाही. आज तिसरी बार. आता येतच असतील.

रचना : अन् आज पण नाही हलला तर?

उमेंद्र : तर विकून टाकणार. गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे.

जमुनाबाई : अन् हा गोव्याले वापस. सांग ना, तोंडात मूग धरून कायले बसला? मालकाचा फोन येऊन राहिला, बॅग भरून झाली. चेतना, म्हनजे माही सून, कालपासून तोंड फुगवून बसली आहे. हा गेला का मंग सनासुदीले फोनमंदी तोंड दाखवते. त्या फोनले मी का जेवाले वाढू?

उमेंद्र : माय, ते आता नको काढू. ताई कामाले आल्या आहेत.

जमुनाबाई : कामालेच आली आहे म्हनून सांगून राहिली मी. तिले कळलं पाहिजे, नुसता जॅक नाही अडकला. माहा पोरगा अडकला आहे.

रचना : कळलं मावशी. चला भाऊ, बटणापासून सुरू करू अन् जॅकपर्यंत येऊ. मधलं काही सोडायचं नाही. दाबा खालचं बटण.

उमेंद्र : दाबलं.

रचना : ‘कट्’ वाजलं, ऐकलं? हा रिले, मोटरला करंट देणारा. हा नसता वाजला तर बटण, वायर, नाहीतर फ्यूज पाहिला असता. आता मोटरचा आवाज ऐका. फिरून राहिली, पण रडत रडत. टिप्परमध्ये गिट्टी जास्त भरली की असंच रडते. बॅटरी?

उमेंद्र : नवीन. मीच टाकली. वायरींची टोकं पण घासून घेतली. फ्यूज दोनदा उडाला, तोही बदलला.

रचना : थांबा, मीटर लावते. आता दाबा. सोडा. बॅटरी भरलेली आहे, पण दाबल्याबरोबर खाली बसते. म्हणजे मोटर खूप करंट ओढते. वर जायला एक रिले अन् खाली यायला एक, असे दोन आहेत ना? त्यांची अदलाबदल करून पाहिली?

उमेंद्र : पाहिली. काहीच फरक नाही. म्हणून मले वाटते, पंप गेला. गोव्याहून मागवला तर यायले किती दिवस लागतील, भगवान जाने.

रचना : पंप गेला असता तर दुपारीही गेलेलाच राहिला असता. ऊन पाहून कोणता पंप बरा होतो? बटण बरोबर, रिले बरोबर, मोटर फिरते. म्हणजे आता तेलाकडं जायचं. टाकीतलं तेल पाहिलं?

उमेंद्र : पाहायचं काय त्यात? पांढरी टाकी आहे, बाहेरूनच दिसते. भरलेली आहे. कमी असतं तर भरलं असतं.

रचना : तुम्ही कधी भरलं?

उमेंद्र : मी नाही भरलं. गोव्याहून आली तेव्हा तर जरा कमीच होतं. ही खूण आहे ना, हिच्या खाली होतं. मी म्हटलं, नंतर आणू.

रचना : आता खुणेच्या वर आहे.

उमेंद्र : हो.

रचना : भाऊ, जॅकचं तेल गळते. वाढत नाही.

उमेंद्र : आं?

रचना : मावशी, चहा सांडून राहिला तुमचा.

जमुनाबाई : सांडू दे.

रचना : झाकण उघडते मी. पाना द्या तो. हे पाहा. हे तेल आहे का लोणी?

उमेंद्र : पाणी गेलं, ताई. नक्की पाणी गेलं. पाणी शिरलं की तेल पांढरं होते, गोव्याले पाहिलं आहे मी. संपलं आता.

रचना : हातपाय गाळू नका. पाणी शिरलं तर दुधाच्या चहासारखं दिसते, पण पातळ राहते. हे थिजलेलं आहे. बोटावर घेतलं, पाहा. नुसत्या बोटाच्या गरमीनं वितळून राहिलं. वास घ्या बरं.

उमेंद्र : हा वास... माय, हा तर आपल्या घरातला वास आहे.

रचना : मावशी, कोणतं तेल आहे हे?

जमुनाबाई : टोरीचं तेल आहे ते. म्या पाजलं.

उमेंद्र : काय पाजलं?

जमुनाबाई : टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं. आता बहिरा झाला का?

उमेंद्र : माय, दोन महिने झाले मी डोकं फोडून राहिलो. बॅटरी बदलली, वायरी खोलल्या, गोव्यातल्या मेकॅनिकले फोन करून करून त्यानं माहा नंबरच उचलायचा सोडला. अन् तू रोज इथं चा घेऊन येते, पाहते, अन् बोलत नाहीस?

जमुनाबाई : मले का माहीत त्यानंच झालं म्हनून? तू म्हने रिले, तू म्हने फ्यूज. त्यात टोरीचं तेल कुठं आलं होतं?

रचना : भाऊ, जरा थांबा. मावशी, कधी पाजलं ते सांगा.

जमुनाबाई : गायगोधनाच्या दिवशी, दिवाळीच्या पाडव्याले. तुमच्या घरी नसन, पन आमच्या घरी त्या दिवशी गायीढोराले सजवतात, तशी नावेचीही पूजा असते. लाकडाचा डोंगा रायते ना, त्याले टोरीचं तेल पाजतात. म्हनजे फळीफळीले इतकं चोळाचं का लाकूड पिऊन घेते. घरच्या मोठ्या बाईनं पाजाचं. अन् पाजलं ते कोनाले सांगाचं नाही, सांगितलं तर गुन येत नाही. माह्या सासूनं असंच केलं, म्याही असंच केलं.

उमेंद्र : पण ही फायबरची नाव आहे, माय. ही काय पिते?

जमुनाबाई : तेच तर. म्या बाटली घेऊन आली, अन् चोळून पाहते तर तेल घरंगळून खाली. हे अंग काही पितच नाही. मले रडू आलं, खरं सांगते. त्या शालीकरामनं चार मानसात म्हटलं होतं, ज्या नावेनं तेल पेलं नाही ते नाव नोहे, मोटार आहे, अन् मोटारीच्या भरवशावर ढिवरानं पान्यात कायले जावं. मले ते लागलं होतं. मंग ही टाकी दिसली. झाकनावर तेलाच्या झारीचं चित्र, अन् पोट अर्धं रिकामं. म्या म्हटलं, घ्या, बाई पितच नोहती असं नाही, हिचं तोंडच इथं आहे.

रचना : बरोबर आहे, चित्र झारीचंच आहे.

उमेंद्र : ताई, तुम्ही हसू नका.

रचना : हसत नाही. थोडी हसले. मावशी, एक सांगा, टोरीचं तेल थंडीत थिजते ना? आमच्या आईकडं पण असायचं, पायाच्या भेगांना लावायला.

जमुनाबाई : थिजते म्हनजे? दिवाळी झाली का बाटलीतून निघत नाही. सकारी चुलीपाशी ठेवा लागते. नाहीतर अंगनात, ऊन आलं का दुपारपर्यंत आपोआप...

रचना : बोला ना.

जमुनाबाई : आपोआप पातर होते.

उमेंद्र : सकाळी रुसते, दुपारी शहाणी.

रचना : झालं. टाकीत थिजलं, पाइपात थिजलं, जॅकातही थोडं गेलं असेल. पंप बिचारा लोणी ढकलून राहिला होता. म्हणून रडत होता, म्हणून फ्यूज उडत होता.

जमुनाबाई : म्हनजे म्याच केलं. पोरगा घरी राहावा, नावेले कोनी नाव ठेवू नये, म्हनून पाजलं. अन् त्याच तेलानं मी माह्या हातानं त्याले गोव्याले धाडून राहिली होती. उमेंद्र, बोल ना काही. रागव तरी.

उमेंद्र : रागावू कसा? मले आठवून राहिलं, गायगोधनाच्या दिवशी तुह्या पदराले तेलाचे डाग होते. मी म्हटलं, भजे तळले असतील. म्हणून भज्याची वाट पाहात बसलो होतो मी रात्रीपर्यंत.

जमुनाबाई : मेला. त्यातही तुले खान्याचंच.

रचना : भाऊ, तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर, धूळ दिसते. तुमचीच माणसं का?

उमेंद्र : त्याच मोटारसायकली. वळण घेऊन खाली येईपर्यंत जेवढा वेळ आहे तेवढाच. ताई, होईल का?

रचना : होईल. गरम पाणी पाहिजे, भरपूर. अन् दोन जुनी पोती.

उमेंद्र : पाणी तापायलेच अर्धी सकाळ जाईन. घर इथं हाकेवर आहे, पण चूल पेटली असन का? चेतना! अवं चेतना! गंजभर पाणी तापव! काय म्हणते? माय, ती म्हणते दोन गंज आधीच उकळून राहिले, कपड्यांसाठी. इतक्या सकाळी कपडे? कोणाचे?

जमुनाबाई : तुले कपड्याचं पडलं का आता? जा, पानी आन. मी पोती घेऊन येते.

रचना : मोटरवर टाकू नका, भाऊ, आधीच सांगते. टाकीला ओलं गरम पोतं गुंडाळा. पाइपाला पण. मावशी, तुम्ही मागून त्या दोन जॅकवर हळूहळू धार धरा. एकदम नाही ओतायचं, पाहुण्याच्या हातावर घालतो तसं.

जमुनाबाई : हे मले येते.

रचना : थोडं थांबा. वितळलं. आता ही पिचकारी पाहा, गिअरचं तेल काढायची आहे. जेवढं निघेल तेवढं ओढून घेते. भाऊ, झाकणाच्या खालच्या अंगाला कोणतं तेल टाकायचं ते लिहून आहे. मी मघाशीच वाचलं. असलं पातळ इंजिन ऑइल चालते. माझ्या गाडीत बंद डबा आहे, तो आणा.

उमेंद्र : मी हे कधी वाचलंच नाही. झाकण उघडलं तर वाचीन ना.

रचना : गॅरेजमध्ये पण तेच होते. जे भरलेलं दिसते ते कोणी उघडत नाही. झालं. दाबा.

उमेंद्र : दाबू?

जमुनाबाई : दाब ना रे. आता का मुहूर्त पाहतो?

उमेंद्र : हलला.

रचना : थांबू नका. पूर्ण खाली जाऊ द्या. आता वर. पूर्ण वर. टाकीत बुडबुडे येऊन राहिले, म्हणजे आतली हवा निघाली. मी वरून तेल टाकते, तुम्ही खाली-वर चालू ठेवा. पिवळं येते आहे अजून. हे पण ओढून काढते. परत भरते. परत खाली.

जमुनाबाई : मोटर रडत नाही आता.

रचना : नाही रडत. आवाज मोकळा झाला. भाऊ, हे आजपुरतं आहे. आठवड्याने मी येते, सगळं तेल परत बदलू. जॅकाच्या रबरांना त्या तेलानं काही केलं का, तेही पाहू. आज फार वेळ नका फिरू.

उमेंद्र : ऐकून राहिलो, ताई. माय, तू पण ऐक. काकाले मी सांगतो का पंपात थोडी गडबड होती, मीच लक्ष नाही दिलं. तू तेलाचं काढू नको. शालीकरामकाका गावभर करतील.

जमुनाबाई : अन् तू माह्या वाटचं बोलून घेशील? आलं मोठं. तू नाव चालव. तोंड माहं आहे.

(बऱ्याच वेळाने. नाव तलावात मोठी फेरी मारून परत काठाला लागली आहे. संस्थेची मंडळी मोटारसायकलींवर बसून गेली आहेत.)

उमेंद्र : इंजिनच्या आवाजात मले मागचं काही ऐकू आलं नाही. एकदा वळून पाहिलं तर शालीकरामकाकाची टोपी उडालेली अन् तू ती पायाखाली दाबून धरलेली. दुसऱ्यांदा पाहिलं तर तुम्ही दोघं डोक्याले डोकं लावून बोलून राहिले होते. उतरल्यावर काका माह्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला अन् मोटारसायकलीकडं गेले. लीलाधरकाका म्हणाले, उद्यापासून पर्यटकांसाठी पाट्या लावू. मले काही समजलं नाही. माय, तू काय सांगितलं?

जमुनाबाई : जे होतं ते.

रचना : मी पंपाजवळ खाली बसून होते, सगळं ऐकलं. मावशींनी काहीच लपवलं नाही. मी म्हटलं, आता या नावेत आपण सगळे बुडणार.

उमेंद्र : माय, नीट सांग. पयल्यापासून.

जमुनाबाई : अरे, तू नाव आपल्या प्रतापगडाच्या डोंगराकडं वळवली अन् नाक उचललं, तवा शालीकरामनं दोन्ही हातानं दांडी धरली. म्या म्हटलं, भिऊ नका, जास्त उचललं का हा पाय आत घेते, नाक खाली येते. त्याले वाटलं, जमुनाले इतकं कसं ठाऊक. मंग तुह्या त्या कसल्या ट्रिमनं नाव एकदम सपाट झाली, चाललीच, चाललीच, पान्याले कळलंही नसन. पाखरं उडाली नाहीत. दोनचार नुसती बाजूले झाली, बाजारात मानसं होतात तशी. तवा तो म्हने, जमुना, पोरगा सांगून राहिला पंपात गडबड होती. का गडबड होती?

उमेंद्र : अन् तू सांगितलं.

जमुनाबाई : सांगितलं. म्हटलं, पंपात नोहती, माह्यात होती. म्या टोरीचं तेल पाजलं, ते थिजलं. लीलाधर तोंडावर हात धरून हसाले लागला. शालीकराम नाही हसला. म्हने, कवा पाजलं? म्हटलं, गायगोधनाले. म्हने, कोन्या वेळेले? म्हटलं, दिवा लावाच्या आधी. म्हने, कोनाले सांगितलं होतं? म्हटलं, कोनालेच नाही, आज सकारी तोंडातून निघालं.

रचना : मग त्यांनी मावशींच्या पायाखालची टोपी ओढून घेतली अन् झटकली. मला वाटलं, रागावले.

जमुनाबाई : मलेही तसंच वाटलं. म्या मनात म्हटलं, जमुना, तुह्या जिभेनं आज घात केला, कायले सांगितलं. पोरगा चालला आता. अन् मंग तो लीलाधरले म्हने, ह्या नावेनं तेल पेलं आहे. लीलाधर म्हने, हो, पेलं, म्हनून तर बिघडली. शालीकराम म्हने, बिघडली ते सुधरली. पन पेलं ना? मोठ्या बाईच्या हातानं, गायगोधनाले, न बोलता? मंग हे मोटार नोहे. हे घरची नाव आहे. घरची नाव कोनी विकते का?

उमेंद्र : शालीकरामकाका असं म्हणाले?

रचना : अगदी असंच. मी कानानं ऐकलं.

उमेंद्र : मी इतके दिवस त्यांना ट्रिम समजावून सांगून राहिलो होतो. चित्रं काढून दाखवली. गोव्याचे व्हिडिओ दाखवले.

जमुनाबाई : त्याले चित्र नोहतं पाहाचं. अन् हेही सांगितलं का पुढच्या गायगोधनाआधी तो बिजाच्या लाकडाची फळी घासून आननार, नावेच्या नाकापाशी बसवनार. त्या फळीले पाजाचं म्हने. टाकीले नाही.

रचना : ते लक्षात ठेवा, मावशी. टाकीला नाही.

जमुनाबाई : कानाले खडा लावला, बाई. हे घे. ही बाटली तुह्यासाठी आनली आहे. टायरापाशी उभं राहून राहून टाचा फुटल्या असतील. रातच्याले चोळ. पन थंडी आहे, आधी चुलीपाशी ठेवजो.

रचना : माहीत आहे, मावशी. आता तर जन्मभर विसरणार नाही. निघते मी. भाऊ, आठवड्यानं येते, तोवर टाकीत काही वाढलं तर फोन करा.

उमेंद्र : या ताई. अन् नाव एकदा बसून पाहा पुढच्या वेळेस, पंपाजवळ नाही, समोर. हळू जा, पाळीवर गिट्टी आहे. माय, चल घरी. थंडीनं दात वाजून राहिले. आता तरी सांग, जॅकेट कुठं आहे?

जमुनाबाई : चल, चा घेशील गरम.

उमेंद्र : चा नको, जॅकेट पाहिजे. पाणी आणायले घरात गेलो तर बॅग खुंटीले रिकामी लटकून होती. मी काल रात्री भरली होती.

जमुनाबाई : तुह्या बॅगेतले सारे कपडे पहाटे भिजू घातले. म्या साबन दिली, चेतनानं भिजवले. ओले कपडे घेऊन कोनी गोव्याले जाते का?

उमेंद्र : सारे? अन् नाव आज चालली नसती तर?

जमुनाबाई : तर कपडे सुकूच नसते दिले.

उमेंद्र : अन् जॅकेट?

जमुनाबाई : ते तर चेतनानं पयले भिजवलं.